साखर आणि चरबी : एकाच घरातल्या जावा

दिवाळी अंकात डॉक्टराने लिहावे तरी काय? लाडू खाऊ नका, करंजीला शिवू नका, असे लिहिले तर वाचक पान उलटून पुढल्या कथेकडे वळणार. आणि खुशाल खा म्हणून लिहिले तर भाऊबीज उलटताच तेच वाचक माझ्या दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसणार! तेव्हा फराळाचे ताट तूर्त जरा बाजूला सारू. त्याची पाळी येईलच. आज मला लिहावयाचे आहे ते दोन कागदांविषयी. तुमच्याआमच्यासारख्या बहुतेक घरांत, कपाटाच्या खणात, विजेच्या बिलांखाली हे दोन कागद सापडतात. एक रक्तातल्या साखरेचा आणि दुसरा कोलेस्टेरॉलचा.

करी रोड स्टेशनाजवळच्या माझ्या दवाखान्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. (करी रोडचा 'करी' म्हणजे कालवण नव्हे, बी. बी. सी. आय. रेल्वेचा तो एक गोरा साहेब होता. पण माझा विषय पोटाचा असल्यामुळे नाव अगदीच फुकट गेले नाही.) इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहात आलो. माणसे या दोन कागदांची खाती निरनिराळी ठेवतात. साखर वाढली तर पायाच्या जखमेला जपायचे, डोळे तपासायचे, मूत्रपिंडाची काळजी करायची; आणि कोलेस्टेरॉल वाढले तर छातीला जपायचे. साखरेचे डॉक्टर वेगळे, 'हार्ट'चे वेगळे. जणू दोन बिऱ्हाडे, मध्ये भिंत! वस्तुस्थिती अशी की मधुमेह झालेल्या माणसाचा अंत बहुधा पायाच्या जखमेने होत नाही. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारानेच अशी माणसे सर्वांत अधिक दगावतात. साखर आणि चरबी या एकाच घरात नांदणाऱ्या दोघी जावा आहेत. एकीने चूल बिघडवली की दुसरीच्या हातचा स्वयंपाकही करपतो.

अलीकडचीच एक हकीगत सांगतो. आमच्या भागातले एक गृहस्थ, वय ५४, कचेरीत हेडक्लार्क. अंगाने सडपातळ, फक्त शर्ट आत खोचला म्हणजे पट्ट्याच्या वर पोटाची लहानशी गोलाई दिसे. विडीकाडीचे व्यसन नाही. मधुमेह आठ वर्षांचा, "पण कंट्रोलमध्ये," असे तेच सांगत. एका संध्याकाळी कामावरून परतताना करी रोडच्या पुलाचा जिना चढता चढता त्यांना दरदरून घाम फुटला आणि धाप लागली. छातीत कळ मुळीच नव्हती. पित्त झाले असेल म्हणून घरी जाऊन सोडा घेतला आणि निजले. दुसऱ्या दिवशी थोरली मुलगी बळेबळेच त्यांना माझ्याकडे घेऊन आली. ई. सी. जी. काढला, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला! पुढे रुग्णालय, अँजिओप्लास्टी सारे यथासांग झाले. गृहस्थ वाचले, पण त्या रात्री हृदयाचा जो तुकडा निकामी झाला तो काही परत मिळाला नाही. दीर्घ मुदतीच्या मधुमेहात दुखण्याची वार्ता नेणारे मज्जातंतूच बधिर होतात, त्यामुळे झटका असा चोरपावलांनी येऊन जाऊ शकतो.

पंधरा दिवसांनी त्यांचे धाकटे बंधू माझ्यापुढे येऊन बसले. वय ४७, बांधा थेट भावाचा. खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, "डॉक्टर, दादांचं झाल्यापासून घरात कोणाला झोप नाही. म्हणून मी सगळं तपासून घेतलं. हे बघा, कोलेस्टेरॉल एकशे नव्वद, दोनशेच्या आत. उपाशीपोटी साखर एकशे अठरा, म्हणजे डायबिटीस अजून नाही. आता मला भीती नाही ना?"

दोन्ही आकडे खरे होते. पण त्यांनी कागद अर्धाच वाचला होता.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून एकटा हिंडू शकत नाही. आपले यकृत त्याला प्रथिनांच्या गाड्यांत भरून धाडते. लालबागच्या बाजारात पहाटे हातगाड्यांची जी लगबग असते तीच मनात आणा. एल. डी. एल. नावाच्या गाड्या माल घेऊन शरीरभर जातात, एच. डी. एल. नावाच्या गाड्या उरलासुरला माल उचलून यकृताकडे परत आणतात. तिसरा माल ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे जळणाच्या चरबीचा. तो भरलेल्या गाड्या निराळ्या. आता मौज अशी की कागदावर जो आकडा छापतात तो गाड्यांतल्या मालाच्या वजनाचा. गल्लीत गाड्या किती शिरल्या ते त्यावरून कळत नाही. आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला धडका बसतात त्या मालाच्या नव्हेत, गाड्यांच्या!

इथे साखरेचा संबंध येतो. जेवल्यावर रक्तात आलेली साखर स्नायूंच्या पेशींत घेतली जावी म्हणून इन्शुलिन काम करते. पुष्कळांच्या शरीरात, मधुमेह होण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून, पेशी इन्शुलिनचे ऐकेनाशा होतात. साखर दाराशी ताटकळते. त्याच वेळी पोटातल्या चरबीतून मेदाम्ले सुटून यकृतावर जाऊन पडतात, आणि यकृत ट्रायग्लिसराइडने लादलेल्या गाड्या भराभर रस्त्यावर सोडू लागते. रस्त्यात गाड्यांची आपापसांत मालाची अदलाबदल चालते. तिचा परिणाम असा, की एच. डी. एल. च्या गाड्या लवकर मोडीत निघतात आणि एल. डी. एल. च्या गाड्या लहान, टणक नि संख्येने अधिक होतात. लहान गाडीत माल थोडा मावतो. म्हणून वजनाचा एकूण आकडा 'नॉर्मल' दिसतो आणि गल्ली मात्र गाड्यांनी तुडुंब भरलेली असते.

बंधूंच्या कागदावर खाली बारीक टायपात दोन आकडे होते, ते मी त्यांना मोठ्याने वाचायला लावले. एच. डी. एल. ३४, पुरुषांत ते निदान ४० हवे. ट्रायग्लिसराइड २३०, उपाशीपोटी ते १५० च्या आत हवे. मग १९० मधून ३४ वजा करायला सांगितले. उरले १५६. जो माल अपायकारक गाड्यांत बसून हिंडतो आहे त्याची ही बेरीज. तिला डॉक्टर 'नॉन-एच. डी. एल.' म्हणतात. वजाबाकी चौथीतल्या पोराला येण्यासारखी आहे, पैसा लागत नाही, आणि नुसत्या एकूण आकड्यापेक्षा ती कितीतरी अधिक सांगते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली आपल्या देशासाठी म्हणून जे आकडे ठरवून दिले त्यांत धोका कमी असलेल्या माणसातही हा आकडा १३० च्या आत हवा असे म्हटले आहे. मधुमेह्याला १०० च्या आत, आणि झटका येऊन गेलेल्याला ८५ च्या आत. हेच माप एल. डी. एल. ला लावायचे तर अनुक्रमे १००, ७० आणि ५५.

साखरेचा आणखी एक उपद्व्याप आहे. गुलाबजाम पाकात राहिला की पाक मुरतो, तशी रक्तातली जादा साखर प्रथिनांना चिकटते. तेहरानचे डॉ. सॅम्युएल रहबर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मधुमेह्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये हा बदल पाहिला आणि त्यातूनच आज आपण 'तीन महिन्यांची सरासरी साखर' म्हणतो ती तपासणी निघाली. साखर जशी हिमोग्लोबिनला चिकटते तशी ती एल. डी. एल. च्या गाड्यांनाही चिकटते. या गाड्या रक्तातून उचलून घेण्यासाठी पेशींवर खास कड्या असतात. त्यांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साखर चिकटलेली गाडी या कडीत नीट अडकत नाही. ती रक्तातच रेंगाळते आणि अखेर रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसते. तीच भिंत साखरेने आधी खरवडून ठेवलेली असते. तिथे पांढऱ्या पेशी जमतात, चरबी गिळून फुगतात, वर कवच धरते, आणि एखाद्या दिवशी ते कवच फुटून त्यावर रक्ताची गुठळी बसली की झटका. उपाशीपोटी साखर १२६ झाली म्हणजे मधुमेह आणि १२५ असली म्हणजे सुटका, असा हिशेब रक्तवाहिनी ठेवीत नाही. १०० ते १२५ ही मधली पायरीही तिला जाणवते.

"पण मी सडपातळ आहे हो!" बंधू म्हणाले. त्यांचा हा प्रश्न मोठा विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या महाराष्ट्रातच मिळालेले आहे.

आधी रेल्वेची एक जुनी गोष्ट. रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या काळातले अकरा लाखांहून अधिक रेल्वे कामगारांमध्ये झालेले मृत्यू तपासले आणि १९६७ साली तो अभ्यास ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. तूपलोणी भरपूर खाणाऱ्या पंजाबातल्या कामगारांपेक्षा, चरबी कितीतरी कमी खाणाऱ्या दक्षिणेतल्या कामगारांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे सातपट निघाले! त्या काळी सारे जग 'चरबी खाल्ली की हृदयविकार' असा पाढा म्हणत होते. त्याला या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला. डॉक्टरांनी स्वतः कारण लावले ते दुधातल्या चरबीचे गुण आणि चावून खाण्याची सवय यांचे. ते मला पटत नाही, आणि मृत्यूच्या नोंदींवर किती भिस्त ठेवावी हाही प्रश्न आहेच. पण आपल्या माणसाच्या बाबतीत ताटातले तूप मोजून काम भागत नाही, एवढे तेव्हाच दिसून आले होते.

पुढचा धागा पुण्याचा. तिथल्या के. ई. एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचे जे माप काढतात ते दोघांचेही अगदी सारखे, २२.३, म्हणजे दोघेही कागदोपत्री सडपातळ. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांत ती निघाली ९.१ टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांत २१.२ टक्के! इंग्रज डॉक्टरांना धावण्याचे वेड, आणि आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत जाऊन तिला गाठणे, असे याज्ञिकांकडून विनोदानेच नमूद झाले होते. पण भेद नुसत्या व्यायामाचा नव्हता. त्यांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आमची बाळे सगळ्या बाबतीत लहान; स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. फक्त कातडीखालची चरबी त्यांनी राखलेली होती. 'बारीक पण चरबीयुक्त' हे आपले वैशिष्ट्य आपण आईच्या पोटातूनच घेऊन येतो.

स्नायू हे साखर जिरवण्याचे शरीरातले सर्वांत मोठे कोठार. ते कोठारच लहान आणि पोटात चरबी अधिक, म्हणजे इन्शुलिनची पंचाईत ठरलेलीच. म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची फीत खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बाईची ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर गेली की सावध व्हावे. बंधूंची कंबर मी तिथेच मोजली. सदतीस इंच भरली.

२०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि मधल्या पायरीवर उभे असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख. त्याच पाहणीत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक चौघांत एक निघाले, पण एच. डी. एल. कमी असलेले मात्र तिघांत दोघे! आपला रोग कागदाच्या वरच्या ओळीत कमी आणि खालच्या ओळींत अधिक सापडतो, तो असा. बावन्न देशांतल्या 'इंटरहार्ट' नावाच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका येण्याचे वय मध्यमानाने ५३ निघाले, इतरत्र ते ५९ च्या घरात. सहा वर्षे! मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते, सारे या सहा वर्षांत येते.

करी रोडला हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. गिरणीत साच्यावर काम करणारा माणूस पाळीचे आठ तास उभ्याने या साच्यापासून त्या साच्यापर्यंत फेऱ्या घालीत असे. खानावळीत तो भाताचा डोंगर उपसत असे आणि तो जिरतही असे. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, भोंगे थांबले. तीच माणसे कुणाच्या तरी इमारतीच्या फाटकाशी खुर्चीवर पहारेकरी म्हणून बसली. भात तोच राहिला, फेऱ्या गेल्या. आज त्यांच्या मुलांना चाळीचे जिनेही उरले नाहीत. विसाव्या मजल्यावर लिफ्ट नेते.

आता औषधांकडे वळू, कारण घरोघरी वाद होतात ते त्यांवरूनच. पहिला समज असा की साखर अगदी खाली आणली की हृदय सुरक्षित. अमेरिका आणि कॅनडात १०,२५१ मधुमेह्यांवर 'अकॉर्ड' नावाचा प्रयोग झाला. निम्म्यांची साखर औषधांचा मारा करून जवळजवळ निरोगी माणसाइतकी खाली आणण्याचा यत्न केला. २००८ साली तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू अधिक झाले, २५७. दुसऱ्या गटात २०३. हे बहुतांशी जुने मधुमेही, पुष्कळांच्या रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या. उलट इंग्लंडातल्या प्रयोगात, ज्यांचा मधुमेह नुकताच सापडला होता त्यांनी सुरुवातीची वर्षे साखर नीट राखली, तर पुढे दहा वर्षांनीही त्यांच्यात हृदयविकाराचे झटके कमी दिसले. साखरेचा हिशेब लवकर सुरू करावा लागतो, आणि तो एकट्या साखरेचा असून चालत नाही. डेन्मार्कच्या स्टेनो केंद्रातल्या डॉक्टरांनी १६० मधुमेह्यांपैकी निम्म्यांची साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, आहार आणि व्यायाम या सगळ्यांना एकदम हात घातला. एकवीस वर्षांनी मोजणी केली तेव्हा त्या गटाचे आयुष्य मध्यमानाने ७.९ वर्षांनी अधिक भरले. इतकी वर्षे मिळवून देणारे प्रयोग वैद्यकात फार थोडे.

दुसरा वाद स्टॅटिनच्या गोळीचा. ही गोळी कोण्या प्रयोगशाळेत अचानक उपजली नाही. जपानच्या अकिरा एंडो यांनी सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासल्या, तेव्हा १९७३ साली त्यांना एका बुरशीत कोलेस्टेरॉल रोखणारे द्रव्य सापडले. मधुमेह्यांच्या बाबतीत तिचा निर्णायक पुरावा २००४ चा. ज्यांचे एल. डी. एल. फारसे वाढलेले नव्हते आणि ज्यांना हृदयविकार नव्हता अशा २,८३८ मधुमेह्यांत निम्म्यांना अटोर्व्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. हृदयविकार, पक्षाघात वगैरे मोठी दुखणी ३७ टक्क्यांनी घटली. इतका फरक पडला की प्रयोग ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधी संपवला.

धाकट्या बंधूंना मी हीच गोळी लिहून दिली. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली होती. भावाला पंचावन्नच्या आत झटका आलेला, कंबर सदतीस आणि ती वजाबाकी १५६. महिन्याभराने आले ते गोळी बंद करून! मोबाइलवर कोणी धाडले होते की ही गोळी खाल्ली की मधुमेह होतो. आता हे सर्वस्वी खोटे असते तर बरे झाले असते, कारण मग हसण्यावारी नेता आले असते. ते थोडे खरे आहे. ९१ हजार लोकांवरच्या तेरा प्रयोगांची एकत्र मोजणी २०१० साली झाली, तीत असे दिसले की २५५ माणसांनी चार वर्षे गोळी घेतली तर एकाला मधुमेह जास्त होतो, तोही बहुधा अशाला, जो उंबरठ्यावरच उभा आहे. पण त्याच २५५ जणांत त्याच चार वर्षांत पाचाहून अधिक मोठी हृदयाची वा मेंदूची दुखणी टळतात. मी आकडे कागदावर मांडून दाखवले. "म्हणजे पाचांच्या बदल्यात एक," ते पुटपुटले. पेढीवरचा माणूस, हिशेब लगेच पटला. गोळी पुन्हा सुरू झाली. त्याबरोबर रात्रीच्या जेवणानंतर भारतमाता चित्रपटगृहापर्यंत चालत जाणे आणि परत येणेही सुरू झाले. जेवणानंतर चालणारा स्नायू इन्शुलिनची फारशी मनधरणी न करता साखर उचलतो. सहा महिन्यांत कंबर पस्तीसवर आली आणि वजाबाकी ९८ वर. अर्थात प्रत्येकाने ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आणि चालू असलेली स्वतःच्या मनाने बंद तर मुळीच करू नये.

आता फराळ. लालबागच्या चिवडा गल्लीतून या दिवसांत जाताना माझेही पाऊल अडखळते, हे आधीच सांगून टाकतो. "डॉक्टर, गोड मी बंद केलंय, फक्त चकली-चिवडा," असे म्हणणारे निदान दहा रोगी मला दरवर्षी भेटतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे, की भाजणी म्हणजे पीठ आणि पोहे म्हणजे भातच. जिभेला तिखट लागले तरी पोटात गेल्यावर त्याची साखर होते, आणि वर तेल आहेच. मात्र आमच्या पिढीने खाल्लेला खरा अपायकारक फराळ वनस्पती तुपातला. वनस्पतीचा कारखाना इथून जवळच शिवडीला १९३२ मध्ये निघाला, आणि १९३७ पासून पिवळ्या डब्यातला डालडा घरोघरी शिरला. साजूक तूप परवडत नसलेल्या घरांची त्याने दिवाळी केली, हे नाकारून चालणार नाही. पण तेल गोठवताना त्यात ट्रान्स फॅट नावाची जी चरबी तयार होई ती एल. डी. एल. वाढवते आणि एच. डी. एल. घटवते, दोन्हीकडून नुकसान. सरकारने १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातली ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. तरी तळणीचे तेच तेल चकलीला, मग शंकरपाळ्याला, मग भाऊबीजेच्या पुऱ्यांना वापरण्याची काटकसर कृपा करून सोडावी. एखादी करंजी खाल्ल्याने कोणी दगावलेला मी पाहिला नाही. चार दिवसांचा फराळ पुढे तीन आठवडे डब्यांतून संध्याकाळच्या चहाबरोबर निघत राहतो, माझी तक्रार त्या तीन आठवड्यांबद्दल आहे.

जाता जाता घरातल्या बायकांविषयी, कारण त्यांच्या नावाचा कागद कपाटाच्या खणात बहुधा नसतो. पाळी जाण्यापूर्वी स्त्रीला हृदयविकारापासून निसर्गतः थोडे संरक्षण असते. मधुमेह झाला की ते बरेचसे नाहीसे होते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांपासून सुरू झालेल्या पाहणीत हे स्पष्ट दिसले. मधुमेहाने पुरुषाचा धोका जितक्या पटीने वाढतो त्याहून स्त्रीचा अधिक पटीने वाढतो. शिवाय त्यांची लक्षणे आडवळणाची असू शकतात. मळमळ, जबड्यात वा पाठीत दुखणे, अकारण थकवा, धाप, घाम. दिवाळीच्या कामाचा शीण म्हणून ती सहज झाकली जातात. असे काही अचानक झाले तर सोडा पिऊन निजू नये, तडक जिथे ई. सी. जी. निघतो तिथे जावे, रात्र असली तरी.

हेडक्लार्कांच्या सौभाग्यवती नवऱ्याच्या प्रत्येक तपासणीला बरोबर येत. त्याच्या गोळ्यांची वेळ, साखरेचे आकडे, सारे त्यांना तोंडपाठ. एकदा मी विचारले, "वहिनी, तुमचा रिपोर्ट?" "मला काय झालंय!" वय ५०, दोन बाळंतपणे, दुसऱ्या खेपेला गरोदरपणात साखर वाढलेली, ही गोष्ट त्या साफ विसरल्या होत्या. अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा संभव मोठा असतो. मुलीने आग्रह धरला म्हणून रक्त दिले. उपाशीपोटी साखर १४८, सरासरी ७.६, एच. डी. एल. ३८, ट्रायग्लिसराइड २१०. एकूण कोलेस्टेरॉल? १८६, 'नॉर्मल'!

त्यांनी कागद नवऱ्याच्या कागदाशेजारी ठेवला, चष्मा लावून दोन्ही वाचले, आणि वजाबाकी स्वतःच केली. १४८. मग मला विचारले, "यंदा भाजणी निम्मीच दळून आणू का?" मी हो म्हटले. आता दोघे नवराबायको आणि धाकटे दीर, तिघेही रात्री बरोबर चालायला जातात. वहिनींची पुढची तपासणी तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी ठरली आहे.